भट्टीवर हजर

तांबेबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी पाणी मागायच्या, तहान असो वा नसो. जूनमध्ये शाळा उघडली की पहिले तीन आठवडे, शाळा सुटल्यावर, त्या रोज दोन-तीन मुलांबरोबर त्यांच्या घरी चालत जात. ओट्यावर नाहीतर उंबऱ्यापाशी बसत, पाणी पीत, घरातल्या माणसांशी दहा मिनिटं बोलत आणि पुढच्या घरी जात. "घरचं पाणी प्यायल्याशिवाय पोर कळत नाही," हे त्यांचं म्हणणं. काही घरांत पाणी स्टीलच्या पेल्यातून यायचं. काही घरांत आधी गाव विचारलं जायचं, मग आडनाव, आणि मग पाणी यायचं ते लग्नकार्यात वापरून फेकतात तसल्या प्लास्टिकच्या ग्लासातून. बाई तेही पाणी तितक्याच शांतपणे पीत आणि ग्लास स्वतःच्या पिशवीत टाकून घेत. कुठल्या घरात कुठला ग्लास हे त्यांना वर्षभर पाठ असायचं. त्या घरातल्या मुलावर त्याचा राग मात्र कधी निघाला नाही. राग निघायचा तो आमच्यावर, म्हणजे माझ्यावर आणि मुख्याध्यापक घरत सरांवर.

आमची चिंचखारची शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते पाचवी, तीन शिक्षकांची. एका बाजूला खाडीचा बांध, दुसऱ्या बाजूला कंटेनर यार्डाची पत्र्याची भिंत. घरत सरांच्या लहानपणी तिथे मिठागरं होती. आता एकावर एक रचलेले कंटेनर दिसतात आणि रस्त्याकडेला ट्रेलरांची रांग असते. गाव आगऱ्यांचं. बांधापलीकडे कातकरीवाडी. आणि गावकऱ्यांनी बांधलेल्या भाड्याच्या खोल्यांमध्ये बिहार-झारखंडातून यार्डात कामाला आलेली कुटुंबं. ज्यांना जमलं त्यांनी आपली मुलं व्हॅनमध्ये बसवून इंग्रजी शाळेत पाठवली होती. उरलेली आमच्या वर्गांत बसत, आणि एका वर्गात चार घरांची चार बोलणी असत.

मी चौलची. आमच्या घरी सुपारी-नारळाची वाडी आणि बोलण्याचा धाक. आम्हा भावंडांपैकी कुणी 'नाही'ला 'न्हाय' म्हटलं की आई वाढायची थांबायची. ती शिस्त मी वर्गात आणली होती आणि तिचा मला अभिमान होता. तांबेबाई बदलून आल्या त्या पहिल्याच महिन्यात त्यांनी खिडकीतून माझा तास ऐकला आणि मधल्या सुट्टीत म्हणाल्या, "राऊतबाई, तुमचं मराठी फार स्वच्छ आहे. कुणी वापरत नाही का?"

घरत सर हसले. मी दोन दिवस बाईंशी बोलले नाही.

त्या अशाच बोलायच्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, सुती साडी चिखलापासून वर खोचलेली, पायात पुरुषी वळणाच्या सँडल. आवाज कधी चढवत नसत. वर्गात गोंगाट झाला की खुर्चीवरून उठून सरळ जमिनीवर मांडी घालून बसत आणि गप्प राहत. मुलं हळूहळू त्यांच्याभोवती गोळा होत. पण मोठ्या माणसांच्या बाबतीत त्यांचा जिभेवर ताबा नव्हता. आणि कागदपत्रांत त्या फार कच्च्या होत्या, हेही सांगायला हवं. रोजच्या पाठाचं टाचण वेळेवर नाही, ऑनलाइन माहिती नेहमी शेवटच्या दिवशी, तीही अर्धी. अभ्यासक्रम कधी वेळेत संपला नाही. घरत सर समजावून थकले. "बाई, कागद नीट ठेवा. वाचवतो तो कागदच," असं ते म्हणायचे. बाई मान डोलवायच्या आणि विसरायच्या.

आगरी बोलण्यात 'ड'चा 'र' होतो, 'ळ'चा 'ल'. मुलं वहीत 'घोरा पलतो' असं लिहीत. मी लाल शाईने गोल करून वर 'घोडा पळतो' लिहायची आणि ते पाच वेळा लिहून आणायला सांगायची. तांबेबाई गोल करत नसत. त्या म्हणत, खोडू नका, शेजारी लिहा. त्यांच्या वर्गातल्या वह्यांत प्रत्येक पानावर दोन रकाने असत, एक घरचा, एक पुस्तकातला. मी एकदा वाद घातला की अशाने मुलांचा गोंधळ होईल, परीक्षेत कुठला लिहायचा ते कळणार नाही.

"घोड्याला चार पाय लागतात, राऊतबाई," त्या म्हणाल्या. "दोन घरचे, दोन पुस्तकातले. तुम्ही दोन कापता आणि मग म्हणता, पळत नाही."

स्वतःबद्दल त्या क्वचितच बोलत. श्रीवर्धनकडच्या एका गावातल्या बौद्धवाडीत त्या वाढल्या. वडील लोकांच्या वाड्यांमध्ये सुपारीच्या झाडावर चढायचं काम करत. एकदा मी निबंधाच्या वह्या तपासत होते, विषय होता 'आमची दिवाळी'. त्यांनी वरची वही उचलली, चाळली आणि सहज सांगितलं. त्या चौथीत असताना त्यांनाही हाच विषय आला होता. घरी दिवाळी करत नसत. वडील म्हणाले, आपला जो मोठा सण आहे तो लिही. म्हणून त्यांनी जयंतीची मिरवणूक लिहिली. नवं पांढरं परकर-पोलकं, मेणबत्त्या, आईने केलेली खीर, वडिलांनी खांद्यावर घेतलेलं, सगळं दोन पानं भरून. गुरुजींनी खाली शेरा दिला, 'विषय सोडून'. दहापैकी शून्य.

"तेव्हा कळलं नाही," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, माझं अक्षर वाईट असेल."

वही त्यांनी जागेवर ठेवली आणि घंटा द्यायला गेल्या.

त्यांच्या चौथीच्या वर्गात सोमी वाघमारे नावाची मुलगी होती, कातकरीवाडीतली. शेवटच्या रांगेत बसायची, विचारलं की खाली बघायची. तिसरीपर्यंत ती माझ्या वर्गात होती आणि माझ्या नोंदीत तिच्यापुढे 'अप्रगत' असं लिहिलेलं होतं. त्यात मी काही खोटं लिहिलं नव्हतं. पाच सक किती असं विचारलं तर तिला सांगता येत नसे. तांबेबाई पाणी प्यायला वाडीवर निघाल्या तेव्हा वाटेत सोमी आईबरोबर नाक्यावर बसली होती, पुढ्यात चिंबोऱ्यांचे वाटे. एका वाट्यात पाच. बाईंनी विचारलं, सगळ्या मिळून किती? सोमीने वाट्यांकडे नुसतं बघितलं आणि म्हणाली, दोन इसा न् पाच. पंचेचाळीस. नऊ वाटे होते.

दुसऱ्या दिवशी सोमी बाईंच्या सांगण्यावरून डब्यातून जिवंत चिंबोऱ्या घेऊन शाळेत आली. तिने वर्गाच्या मधोमध बसून, गवताच्या दोरीने नांग्या कशा बांधायच्या ते दाखवलं. मग पाय मोजले. एकीला आठ पाय, दोन नांग्या, म्हणजे दहा. दोघींना वीस, म्हणजे एक इसा. वर्ग असा शांत होता की मला वाटलं बाई वर्गात नाहीत म्हणून मी डोकावले. त्याच वेळी एक चिंबोरी सुटली आणि बाकांखालून पळाली. बिहारचा रोशन, जो शाळा उघडल्यापासून तोंडातून शब्द काढत नव्हता आणि ज्याला आम्ही मुका समजून चाललो होतो, तो बाकावर उभा राहून ओरडला, "केकडा! केकडा!" सगळा वर्ग हसला, रोशनही हसला. बाईंनी फळ्यावर लिहिलं, चिंबोरी, केकडा, खेकडा. मग सोमीला विचारलं, तुमच्या वाडीवर काय म्हणतात? सोमीने सांगितलं. बाईंना तो शब्द पहिल्यांदा नीट म्हणता आला नाही. सोमीने दोनदा सुधारून दिला. मग बाईंनी तो सगळ्यांच्या वर लिहिला.

त्या दिवसापासून सोमी पुढे बसू लागली. पाढ्यांच्या तासाला बाई तिलाच उभं करत. जी मुलं अडत त्यांना ती शिंपल्यांचे वाटे मांडून शिकवायची. त्यांतली एक होती आर्या, दिनेशशेठची मुलगी.

दिनेशशेठ शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. सहा ट्रेलर, नाक्यावर ऑफिस, भाड्याच्या खोल्यांची एक चाळ. मोठ्या मुलाला त्यांनी इंग्रजी शाळेत घातलं होतं. धाकटीला आईच्या हट्टामुळे घराजवळच्या शाळेत ठेवलं होतं. माणूस वाईट नव्हता. शाळेचे पत्रे त्यांनी स्वतः उभं राहून बदलून दिले होते. पण आर्याने घरी जाऊन कौतुकाने सांगितलं की मला पाढे सोमी शिकवते, आणि ते त्यांना झोंबलं. त्याच आठवड्यात पालकसभा होती.

सभेत त्यांनी सोमीचं नाव काढलं नाही. वह्यांचा विषय काढला. आधी सावकाश बोलले, मग उजव्या हाताची बोटं पुढे केली. "बाई, मी शालेत घोरा बोललो म्हनून गुरुजींनी बोटांवर पट्टी मारली. नख काला परला माजा. तवापासून शुद्ध बोलाया शिकलो. आता माजी पोरगी घरी येऊन सांगते, पप्पा, घोरा पन चालतो. मंग मी मार कशाला खाल्ला?"

मला आजही वाटतं, त्या क्षणी बाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या असत्या, त्या बोटाबद्दल विचारलं असतं, तर पुढचं काही झालं नसतं. मुलांशी त्या तसंच वागल्या असत्या. पण समोर मोठा माणूस होता.

"तुम्हाला मारलं ते चुकलंच, शेठ," त्या म्हणाल्या. "पण ते माझ्या वर्गातून वसूल करू नका. आणि खरं दुखणं वेगळं आहे. तुमच्या मुलीला कातकऱ्याची मुलगी शिकवते, ते दुखतंय."

दिनेशशेठ उठले, चपला घातल्या आणि गेले. मागून दोन-तीन जण गेले. घरत सर चहाच्या कपांकडे बघत राहिले. नंतर ते बाईंना एवढंच म्हणाले की खरं असलं तरी सभेत बोलायचं नसतं. बाईंनी विचारलं, मग कुठे बोलायचं असतं?

दिवाळी झाली आणि कातकरीवाडी रिकामी झाली. दरवर्षी होते. माणसं मुलाबाळांसह वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परत येतात. वाडीवरची सात मुलं आमच्या पटावर होती, त्यांत सोमी. नियमाप्रमाणे त्यांना हमीपत्रक देऊन भट्टीजवळच्या शाळेत बसवायचं. बाईंनी पत्रकं भरली, या वेळी वेळेवर आणि पूर्ण भरली. पण भट्टीपासून ती शाळा तासभर चालण्याच्या अंतरावर, मधे हायवे. मुलं एकदा गेली, पुन्हा गेली नाहीत.

मग बाईंनी शनिवार धरला. शनिवारी आमची शाळा सकाळची, अकराला सुटते. त्या भाकरीचा डबा घेऊन शाळेतूनच निघत, एसटीने पेणच्या बाजूला जात, तिथून भट्टीपर्यंत चालत, आणि ऊन उतरेपर्यंत मुलांना शिकवून परत येत. या शनिवारांची त्या सातही मुलांची हजेरी मांडत. घरत सरांना विचारून मांडत. सर म्हणाले होते, ठीक आहे, मुलं शिकतायत ना. हे त्यांनी तोंडी सांगितलं होतं.

शनिवारी सकाळी हजेरी घेताना बाई ती सात नावंही पुकारत. पहिल्या वेळी वर्ग गोंधळला. बाईंनी विचारलं, सोमी कुठे आहे? मुलं म्हणाली, भट्टीवर. आहे ना? मग काय म्हणायचं? तेव्हापासून प्रत्येक नावाला सगळा वर्ग मिळून उत्तर द्यायचा, "भट्टीवर हजर!" यार्डातल्या क्रेनच्या आवाजावर तो आवाज जायचा.

एका शनिवारी मीही त्यांच्याबरोबर गेले. का गेले ते आठवत नाही, बहुधा कुतूहलाने. भट्टीवर धूर होता आणि मातीचा मऊ वास. मुलं चिखल तुडवून आलेली, पायांवर पोटरीपर्यंत माती सुकलेली. बाई आंब्याखाली बसल्या. फळा नव्हता, म्हणून मुलं ओल्या विटांवर काडीने लिहीत. वाळत घातलेल्या कच्च्या विटांच्या ओळीच्या ओळी होत्या. कुणी पाढा लिहिला, कुणी आईचं नाव. सोमीने एका विटेवर तिच्या घरचा शब्द लिहिला आणि दुसरीवर पुस्तकातला. मुकादम येऊन कुरकुरला की माल खराब होतो. बाईंनी मुलांना लिहून झालेल्या विटा पालथ्या घालायला लावल्या आणि त्याला म्हणाल्या, "भिंतीत गेल्यावर कोण वाचतंय, दादा?" तो हसून गेला.

परतताना एसटीत मी बाईंना म्हणाले की हे फार मोठं काम आहे. त्या म्हणाल्या की काम मोठं नाही, अंतर मोठं आहे. आणि झोपल्या, डोकं खिडकीच्या गजावर आपटत होतं तरी.

फेब्रुवारीत एका शनिवारी सकाळी शाळा भरली तेव्हाच विस्तार अधिकारी आले. तक्रार आली होती, समितीच्या अध्यक्षांच्या सहीने, की शाळेत खोटा पट दाखवला जातो. अधिकारी वर्गाच्या दारात उभे राहिले तेव्हा हजेरी चालू होती. त्यांनी खूण केली, चालू ठेवा. बाईंनी चालू ठेवली. त्यांनी त्या दिवसापुरती ती सात नावं गाळली असती तर चाललं असतं. त्यांनी सोमीचं नाव पुकारलं आणि वर्ग दरवेळेपेक्षा मोठ्याने ओरडला, पाहुण्यांना ऐकू जावं म्हणून.

अधिकाऱ्यांनी हजेरीपुस्तक मागितलं. मुलं किती समोर आणि किती पुस्तकात, मोजलं. बाईंनी सगळं सांगितलं, भट्टी, एसटी, आंबा. अधिकारी तरुण होते, ऐकून घेत होते. मग त्यांनी विचारलं, "आज तुम्ही अजून तिकडे गेलेला नाहीत. मग मुलं हजर कशी?"

"ती तिकडे हजर आहेत, साहेब," बाई म्हणाल्या. "गैरहजर आपण आहोत."

मी दाराबाहेर उभी होते. अधिकाऱ्यांचा चेहरा बदललेला मी बघितला.

चौकशी लागली. सात मुलं धरली तर आमचा पट साठाच्या वर जात होता आणि तिसऱ्या शिक्षकाची जागा टिकत होती. म्हणून अहवालात तो जागा वाचवण्यासाठी केलेला बनाव ठरला. ती तिसरी जागा सेवेत सगळ्यात लहान म्हणून माझी होती. म्हणजे बाईंनी जर बनाव केला असेल तर तो माझ्यासाठी केला होता. चौकशीत मलाही ओढतील, या भीतीने मी आठवडाभर नीट जेवले नाही. घरत सरांच्या निवृत्तीला दीड वर्ष होतं. त्यांनी लिहून दिलं की शनिवारच्या हजेरीबद्दल आपल्याला कल्पना नव्हती. बाईंच्या बाजूने बोलू शकतील अशी वाडीवरची माणसं भट्टीवर होती. त्यांना कुणी बोलावलं नाही. रोशनचे वडील बोलायला तयार होते. शाळेच्या फाटकापर्यंत आले आणि परत गेले. ते दिनेशशेठच्या चाळीत राहत होते.

माझा जबाब एका छापील कागदावर होता. अमुक शनिवारी सदर सात विद्यार्थी शाळेच्या इमारतीत हजर होते काय? मी लिहिलं, नाही. त्याखाली होतं, अधिक काही सांगावयाचे असल्यास. त्यापुढे चार रेघा होत्या. चार रेघांत पुष्कळ मावतं. मी स्वतः भट्टीवर जाऊन आले, मुलं शिकताना बघितली, मुख्याध्यापकांना माहीत होतं, एवढं सहज मावलं असतं. मी तिथे 'निरंक' लिहिलं आणि सही केली. अक्षर सुवाच्य होतं.

बाईंच्या सेवापुस्तकात शेरा बसला आणि त्यांची बदली झाली, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, डोंगरातल्या एका वाडीवर. सातही नावं पटावरून कमी झाली, पट खाली आला, तिसरी जागा गेली. बाई गेल्यामुळे मी राहिले.

निरोपसमारंभ झाला नाही. बाईंनी मला चार्ज दिला, नकाशे, तराजू, वाचनपेटी, एकेक वस्तू मोजून. कागद या वेळी नीट होते. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर त्या म्हणाल्या, आधी सही करा. मुलांना त्यांनी सांगितलं होतं की रडायचं नाही, आणि मुलं खरंच रडली नाहीत, नुसती बघत राहिली. दिनेशशेठ नाक्यावर भेटले तेव्हा मला म्हणाले की बाई शिकवायला चांगल्या होत्या, फक्त जीभ वाईट. जूनमध्ये आर्या व्हॅनमध्ये बसून इंग्रजी शाळेत जाऊ लागली. सकाळी शाळेवरून व्हॅन जायची तेव्हा ती काचेला नाक लावून बघायची.

सोमी पावसाळ्यात परत आली. मी पुन्हा तिचं नाव घातलं, पाचवीत, माझ्या वर्गात. पहिल्या दिवशी तिने वहीवर दोन रकाने आखले. मी तिला काही बोलले नाही, पण पाचवी म्हणजे परीक्षा, विषय जास्त, वेळ कमी, म्हणून मी एकाच रकान्यात लिहायला सांगितलं. ती अकरा दिवस आली. बाराव्या दिवशी मी तिच्या घरी जायला हवं होतं. वाडी शाळेपासून दहा मिनिटांवर आहे.

यानंतर बाई मला एकदाच दिसल्या, दोन वर्षांनी, अलिबागला. जिल्ह्यातल्या शिक्षकांचं प्रशिक्षण होतं, विषय होता 'मुलांची संस्कृती आणि बहुभाषिक वर्ग'. सभागृहात एसी होता, पाण्याच्या बाटल्या होत्या, प्रत्येकाला एक फोल्डर आणि पेन. मांडणी करायला आमचेच ते विस्तार अधिकारी उभे होते. आता ते वरच्या पदावर होते. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. मुलाच्या घराला भेट द्या. घरची भाषा चूक मानू नका. परिसरातल्या वस्तूंनी गणित शिकवा. एका चित्रात वहीचं पान होतं, मधे उभी रेघ, एकीकडे घरचा शब्द, दुसरीकडे प्रमाण शब्द. अक्षर आर्याचं होतं. मी ते ओळखलं. चौकशीच्या वेळी वह्या जमा केल्या होत्या, त्यांतलं पान असावं. पानाच्या वर शाळेचं नाव नव्हतं, शिक्षिकेचंही नव्हतं.

बाई शेवटच्या रांगेत होत्या. केस पिकले होते, बारीक झाल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ गेले. त्या खिडकीशी उभ्या राहून डब्यातली भाकरी खात होत्या. तिथलं जेवण त्यांनी घेतलं नव्हतं. मी तब्येत विचारली, शाळा विचारली. दोन शिक्षकी शाळा, सोळा मुलं, पावसात ओढ्यापलीकडून रस्ता बंद. वर्गात आता पुस्तकाप्रमाणे शिकवते म्हणाल्या, अभ्यासक्रम वेळेत संपतो. मग मी ते बोलले जे दोन वर्षं घोकत होते, की माझ्या हातून चूक झाली, मी त्या जबाबात खरं लिहायला हवं होतं.

"तुम्ही खरंच लिहिलं होतं," बाई म्हणाल्या. "खोटं लिहिलं असतं तर मी ते खोडून काढलं असतं."

त्या रागाने बोलल्या नाहीत. डब्याचं झाकण लावलं आणि हात धुवायला गेल्या.

दुपारच्या सत्रात अधिकाऱ्यांनी विचारलं, "आपल्यापैकी कुणी असा प्रयोग आपल्या वर्गात केलाय का? अनुभव सांगा." मी वळून मागे बघितलं. अधिकारी माझ्याकडे बघत आहेत असंही मला वाटलं, पण त्यांना मी आठवत असेन की नाही कोण जाणे. बाई मान खाली घालून फोल्डरमधला अभिप्रायाचा फॉर्म भरत होत्या. प्रशिक्षण कसे वाटले, उत्तम, चांगले, साधारण. त्यांनी एका चौकटीत खूण केली, फॉर्म पुढच्या रांगेत दिला, पिशवी उचलली आणि मागच्या दाराने बाहेर पडल्या. त्यांच्या वाडीकडे जाणारी शेवटची एसटी साडेतीनची होती.

"कुणीच नाही?" अधिकारी म्हणाले. "ठीक आहे. आता तरी सुरुवात करूया."

मी वहीत ते वाक्य उतरवून घेतलं.